काचबिंदू: दिसतंय तोवरच शोधायचा आजार

आईच्या कपाळाला एका महिन्यात दोनदा टेंगूळ आलं. दोन्ही वेळा कारण एकच, स्वयंपाकघरातल्या फडताळाचं उघडं राहिलेलं वरचं दार. "लक्ष नव्हतं गं माझं," आई म्हणाली आणि आम्हीही तेवढ्यावर सोडून दिलं. त्याआधीच्या दोन वर्षांत चष्म्याच्या दुकानातून तिचा नंबर दोनदा बदलून झाला होता. समोरच्या तक्त्यावरची शेवटची ओळ ती अडखळल्याशिवाय वाचायची, सुईत दोरा ओवायची, पोथी वाचायची. मग डोळ्यांना काय झालं असेल, असा प्रश्न तरी कोणाला पडणार? डॉक्टरांनी फील्ड टेस्टचा, म्हणजे कडेपर्यंत कुठवर दिसतं ते मोजणाऱ्या तपासणीचा, कागद हातात दिला तेव्हा डाव्या डोळ्याच्या चित्राचा वरचा अर्धा भाग काळा होता. तेव्हा ती ६६ वर्षांची होती.

त्याला आता आठ वर्षं झाली. या काळात तिच्याबरोबर दवाखान्याच्या बाकावर बसून, डॉक्टरांना विचारून आणि काही चुका करून जे समजलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. हे वाचून औषध ठरवायचं नाही, ते काम डॉक्टरांचं. पण कुठली तपासणी मागायची, कुठला प्रश्न विचारायचा आणि घरी काय सांभाळायचं, हे आपल्याला माहीत असलंच पाहिजे.

आत काय बिघडतं

डोळ्याच्या पुढच्या भागात पाण्यासारखा एक द्रव सतत तयार होत असतो, मिनिटाला साधारण दोन ते तीन मायक्रोलिटर. अश्रूंशी त्याचा संबंध नाही. हा द्रव आतच फिरतो, डोळ्याच्या पुढच्या भागांना पोषण देतो आणि बुबुळाच्या कडेला आत जो कोन असतो तिथल्या बारीक जाळीतून रक्तात निघून जातो. मोरीच्या जाळीत गाळ अडकला की पाणी तुंबतं, तसं इथे झालं की डोळ्यातला दाब वाढतो. हा दाब डोळ्याच्या मागच्या बाजूला, जिथून नस मेंदूकडे निघते, तिथे सगळ्यात जास्त बाधतो. त्या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात. ते एकेक करून मरतात आणि मेलेला तंतू पुन्हा उगवत नाही.

मोतीबिंदू आणि काचबिंदू यांची गल्लत आपल्याकडे फार होते, कारण दोघांच्या नावात बिंदू आहे. मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग गढूळ होतं. ते काढून नवं बसवलं की दिसायला लागतं. काचबिंदूत नस सुकते, आणि नस बदलता येत नाही. "ऑपरेशन करू, मग दिसेल" हा मोतीबिंदूचा हिशेब इथे लागू पडत नाही. उपचाराने जे उरलं आहे ते राखता येतं. म्हणून नजर जास्त शिल्लक असताना आजार सापडणं एवढं महत्त्वाचं.

आईला कळलं कसं नाही, हा प्रश्न मला कितीतरी महिने छळत होता. उत्तर असं की, नजर कडेकडून जाते आणि मधली शेवटपर्यंत टिकते. चष्म्याच्या तक्त्यावर आपण वाचतो ती मधल्या नजरेने. त्यातून एका डोळ्याला जे दिसत नाही ते दुसरा भरून काढतो आणि उरलेली फट मेंदू आजूबाजूच्या चित्राने बुजवतो. रोग्याला काळा डाग दिसत नाही. भिंत भिंतीसारखीच दिसते, फक्त तिच्यासमोरचं उघडं दार दिसत नाही. फील्ड टेस्टमध्ये बिघाड उमटेपर्यंत साधारण पाव हिस्सा किंवा त्याहूनही जास्त तंतू गेलेले असू शकतात.

भारतात चाळिशीच्या पुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा, असा अंदाज २०१० साली प्रसिद्ध झाला होता. चेन्नई परिसरात आणि आंध्र प्रदेशात घरोघरी जाऊन ज्या पाहण्या झाल्या, त्यांत सापडलेल्या रोग्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना आपल्याला हा आजार आहे हे आधी ठाऊकच नव्हतं. आम्ही त्याच नव्वदांतले.

कोणी आधी तपासून घ्यावं

चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने एकदा नसेची तपासणी करून घ्यावी. पण काही जणांनी चाळिशीची वाटही बघू नये. आईवडील, भाऊ किंवा बहीण यांच्यापैकी कोणाला काचबिंदू असेल तर धोका कित्येक पटींनी वाढतो. जवळच्या नजरेचा, म्हणजे मायनस नंबर मोठा असणारे, मधुमेह असणारे, लहानपणी डोळ्याला चेंडू किंवा विटी लागलेले (तो मार विसरून गेला असलात तरी डॉक्टरांना सांगा), हे सगळे यात आले. प्लस नंबर असलेल्या, विशेषतः बुटक्या बांध्याच्या बायकांमध्ये डोळ्यातला कोन अरुंद असण्याची शक्यता जास्त असते. त्याबद्दल पुढे लिहिते.

स्टेरॉइडबद्दल मात्र थांबून लिहायला हवं, कारण हा काचबिंदू आपणच ओढवून घेतो. उन्हाळ्यात डोळे खाजतात, लाल होतात. लहान मुलं तर चोळून चोळून हैराण होतात. डॉक्टर आठवड्याभरासाठी एक थेंब लिहून देतात, चार दिवसांत आराम पडतो. मग पुढच्या वेळी तीच बाटली दाखवून औषधाच्या दुकानातून थेट आणली जाते आणि महिनोन्‌महिने घातली जाते. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असं काही लिहिलेलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. काही लोकांच्या डोळ्यात अशा थेंबांनी काही आठवड्यांतच दाब चढतो आणि त्याची कुठलीच जाणीव होत नाही. खाज थांबलेली असते, डोळा पांढराशुभ्र दिसतो, आत नस सुकत असते. डोळ्याजवळ लावायची मलमं, दीर्घकाळ चालणाऱ्या गोळ्या, काही वेळा दम्याचा पंप यांनीही दाब वाढू शकतो. पंप बंद करू नका, पण डोळे तपासून घ्या. आणि स्टेरॉइडचे थेंब चिठ्ठीवर लिहिलेल्या दिवसांपेक्षा एक दिवसही जास्त घालू नका.

खेड्यांत अजून एक समज घट्ट आहे: "मोतीबिंदू पिकू द्या, मग काढू." पूर्वीच्या शस्त्रक्रियेसाठी ते खरं असेल, आज थांबायची काही गरज नाही. उलट फार पिकलेला मोतीबिंदू फुगून कोन बंद करतो किंवा त्यातून झिरपणाऱ्या पदार्थाने जाळी तुंबते. मग डोळा लाल होऊन असह्य दुखायला लागतो. मोतीबिंदूपायी काचबिंदू होतो तो असा.

आणि तान्ही बाळं. बाळाचे टपोरे डोळे बघून सगळे कौतुक करतात. पण डोळे वाजवीपेक्षा मोठे, त्यातून सतत पाणी, उजेडात आणलं की बाळ डोळे मिटून तोंड फिरवतं आणि बुबुळावर निळसर-पांढुरकी झाक, असं असेल तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. जन्मजात काचबिंदूवर मुख्य उपचार शस्त्रक्रियाच असते आणि ती लवकर झाली तर नजर वाचण्याची आशा चांगली असते.

तपासणीला जाताना

नुसतं "डोळे तपासायचे आहेत" म्हणालात तर बहुतेक ठिकाणी नंबर काढून देतील. स्पष्ट सांगा: "काचबिंदूसाठी तपासायचं आहे, प्रेशर आणि नस दोन्ही बघा." बाहुली मोठी करायचे थेंब घातले की तीन-चार तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही, म्हणून बरोबर कोणीतरी असू द्या, स्वतः गाडी चालवू नका. जुने चष्मे, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि डोळ्यात घालत असलेल्या बाटल्या एका पिशवीत घालून न्या. चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी लेझर करून घेतलं असेल तर ते आधी सांगा, कारण त्याने बुबुळ पातळ होतं आणि प्रेशर खऱ्यापेक्षा कमी मोजलं जातं.

प्रेशर, म्हणजे डोळ्यातला दाब, मिलिमीटर पाऱ्यात मोजतात. साधारण १० ते २१ ही नेहमीची मर्यादा. डोळ्यावर हवेची फुंकर मारणारं यंत्र चाळणीपुरतं ठीक आहे. खात्रीचं माप म्हणजे डोळा बधिर करून, निळ्या उजेडात बुबुळाला हलकेच टेकवून घेतलेलं. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. प्रेशर दिवसभरात वरखाली होतं, त्यामुळे एका आकड्यावर काही ठरत नाही. दुसरी त्याहून महत्त्वाची: प्रेशर २१च्या आत असूनही काचबिंदू असू शकतो, आणि २४ असूनही नसू शकतो. आपल्या लोकांमध्ये पहिला प्रकार मुळीच दुर्मीळ नाही. "प्रेशर नॉर्मल आहे" एवढं ऐकून घरी येऊ नका, "नस कशी आहे?" हे विचारा.

बुबुळाची जाडी मोजायला मिनिट लागतं. सरासरी ५४० मायक्रॉनच्या आसपास असते. आईची ५०५ निघाली. म्हणजे तिचं प्रेशर यंत्रावर दिसत होतं त्याहून प्रत्यक्षात जास्तच असणार.

कोनाची तपासणी अनेकदा राहून जाते, म्हणून ती नावाने मागा: गोनिओस्कोपी. डोळा बधिर करून त्यावर आरशांचं एक भिंग टेकवतात आणि पाणी जाण्याची जाळी उघडी आहे की झाकलेली हे बघतात. दुखत नाही. काचबिंदू कोणत्या जातीचा आहे आणि लेझर कुठलं उपयोगी पडेल, हे सगळं यावर अवलंबून असतं. कोन फार अरुंद असेल तर बाहुली मोठी करण्याचे थेंबच धोक्याचे ठरू शकतात, म्हणून ही तपासणी त्याआधी व्हावी.

मग नस. डॉक्टर भिंगातून नसेचं तोंड बघतात. त्याच्या मधोमध एक फिकट खळगा असतो. पूर्ण तोंडाच्या मानाने तो साधारण ०.३ असला तर निर्धास्त. ०.६-०.७च्या पुढे किंवा दोन डोळ्यांत ०.२चा फरक असेल तर पुढे शोध घ्यायचा. आईच्या कागदावर उजवीकडे ०.६ आणि डावीकडे ०.८५ लिहिलं होतं. काहींची नस जन्मतःच मोठी असते, खळगाही मोठा असतो आणि आजार काहीच नसतो, त्यामुळे हा आकडा वाचून घाबरायचंही नाही.

ओसीटी नावाच्या स्कॅनमध्ये नसेच्या भोवतालच्या तंतूंच्या थराची जाडी मोजतात. रिपोर्टवर हिरवा, पिवळा, लाल असे रंग येतात. लाल म्हणजे काचबिंदूच, असं नाही. मोठ्या मायनस नंबरच्या डोळ्यांत निरोगी नसही लाल दिसू शकते. नुसता रिपोर्ट काढून आणून नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवण्यापेक्षा तो डॉक्टरांसमोर बसून समजून घ्या.

फील्ड टेस्ट नीट कशी द्यायची

या तपासणीची लोकांना धास्ती असते आणि ती बिघडते रोग्याच्या हातून, म्हणून सविस्तर सांगते. एक डोळा झाकतात. हनुवटी टेकवून पांढऱ्या अर्धगोलात बघायचं, मधल्या उजेडावर नजर ठेवायची आणि बाजूला कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं. आईने पहिल्यांदा काय केलं, तर प्रत्येक ठिपक्याकडे डोळा फिरवला. खेळात कैरी शोधावी तशी शोधत बसली. तो रिपोर्ट वाया गेला आणि आठ दिवसांनी परत जावं लागलं.

दुसऱ्या वेळी आदल्या रात्री तिला घरीच समजावलं: "आई, मधे देवाचा दिवा आहे असं समज. त्याच्यावरून नजर हलवायची नाही. बाजूला काही लुकलुकलं तर नुसतं बटण." हे तिला पटलं. बऱ्याच वेळा काहीच दिसत नाही, तेव्हा माणूस घाबरतो. यंत्र मुद्दाम इतके मंद ठिपके दाखवतं की निरोगी डोळ्यालाही त्यातले बरेच दिसू नयेत. म्हणून अंदाजाने बटण दाबू नका. पापण्यांची उघडझाप करायला हरकत नाही. थकवा आला तर नेहमीच्या यंत्रावर बटण दाबून धरलं की तपासणी थांबते, सोडलं की पुढे सुरू होते. म्हाताऱ्या माणसांच्या पापण्या वरून खाली आलेल्या असतील तर चिकटपट्टीने हलक्या वर धरायला सांगा, नाहीतर वरची नजर उगाच कमी दिसते. सकाळी, पोटात काही असताना, झोप झालेली असताना ही तपासणी द्या. दुपारच्या जेवणानंतर नको.

पहिल्या टेस्टवर निकाल लावत नाहीत. दोन-तीन झाल्या की पाया ठरतो आणि पुढची प्रत्येक टेस्ट त्याच्याशी ताडून बघतात. म्हणून एकही कागद टाकू नका. आमच्याकडे तारखेवार लावलेली एक प्लास्टिकची फाइल आहे आणि प्रत्येक पानाचा फोटो फोनमध्ये आहे. डॉक्टर बदलले तरी ही फाइल बरोबर गेली पाहिजे.

एकाएकी उठणारा काचबिंदू

वर लिहिलं ते सगळं शांतपणे वाढणाऱ्या आजाराचं. अरुंद कोनाचा काचबिंदू मात्र कधी कधी एका रात्रीत उठतो. डोळा लालभडक, डोकं आणि डोळा फुटेल असं दुखणं, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी कडी, नजर धूसर, मळमळ आणि उलट्या. उलट्यांमुळे घरचे पित्त समजतात, डोकेदुखीमुळे अर्धशिशी समजतात, आणि आल्याचा रस नि वेदनाशामक गोळी यात रात्र जाते. सर्दीच्या काही गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं, अंधारात बराच वेळ बसणं यांतूनही असा झटका येऊ शकतो.

उलटीबरोबर एक डोळा लाल आणि अंधुक झाला असेल तर सकाळची वाट बघू नका. त्याच तासाला डोळ्यांचे डॉक्टर असलेल्या रुग्णालयात न्या आणि दारातच सांगा की डोळा दुखतोय आणि दिसत नाही. तिथे शिरेतून आणि थेंबांनी दाब खाली आणतात, मग लेझरने बुबुळाच्या रंगीत पडद्याला कडेला एक बारीक छिद्र पाडतात, म्हणजे पाण्याला वाट मिळते. दुसऱ्या डोळ्यालाही तसंच छिद्र करून घ्यायला सांगतील. तो दुखत नाही म्हणून टाळू नका, त्याचाही कोन बहुधा तेवढाच अरुंद असतो.

उपचार: दाब किती खाली आणायचा

काचबिंदूत आपल्या हातात असलेली एकच गोष्ट म्हणजे डोळ्यातला दाब. स्वीडनमध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की दाब एक मिलिमीटर जरी कमी झाला तरी आजार पुढे सरकण्याचा धोका साधारण १० टक्क्यांनी घटतो. म्हणून डॉक्टर प्रत्येक डोळ्यासाठी एक लक्ष्य ठरवतात. नस जितकी जास्त खराब, तितकं लक्ष्य खाली. "माझ्या डोळ्याचं टार्गेट प्रेशर किती?" हा प्रश्न विचारा आणि आकडा फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आईचा डावा डोळा थेंबांनी २८वरून १९वर आला तेव्हा आम्ही पेढे आणायला निघालो होतो. डॉक्टर म्हणाले, या डोळ्याला १४च्या खाली यावं लागेल.

सुरुवात बहुधा लॅटानोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट किंवा बायमॅटोप्रोस्ट अशा थेंबांनी होते. रात्री एकदाच. पापण्यांचे केस लांब होतात, डोळ्याभोवतीची कातडी काळवंडते, थोडी लाली येते. एकाच डोळ्यात घालत असाल तर फरक उठून दिसतो, आणि त्यापायी काही तरुण मुली न सांगता औषध सोडतात. सोडू नका, डॉक्टरांना सांगा, पर्याय असतात.

टिमोलॉल जुनं, स्वस्त आणि चांगलं औषध आहे, पण दमा असलेल्यांना आणि नाडी मंद असलेल्यांना ते घातक ठरू शकतं. डोळ्यातला थेंब नाकावाटे रक्तात उतरतो. आईला थंडीत थोडा दमा होतो, पण "डोळ्याच्या डॉक्टरांना छातीचं कशाला सांगायचं?" म्हणून ती गप्प बसली होती. सुदैवाने डॉक्टरांनी स्वतः विचारलं. तुम्ही विचारण्याची वाट पाहू नका. ब्रिमोनिडिनने तोंड कोरडं पडतं, झोप येते, काहींना वर्षाभराने ॲलर्जी होते. लहान मुलांना ते देत नाहीत. डॉर्झोलामाइड चुरचुरतं आणि तोंडात कडू चव येते. ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्यांनी बोटांना मुंग्या येतात. मुतखड्याचा त्रास किंवा सल्फाची ॲलर्जी असेल तर ती गोळी घेण्याआधी सांगा.

लेझरबद्दल लोक बिचकतात. उघड्या कोनाच्या काचबिंदूत एसएलटी नावाचं लेझर जाळीवर मारतात, पाचेक मिनिटांत होतं आणि माणूस चालत घरी जातो. ब्रिटनमधल्या २०१९च्या अभ्यासात ज्यांना सुरुवातीलाच हे लेझर दिलं त्यांच्यातल्या जवळपास तीन-चतुर्थांश लोकांना तीन वर्षं थेंबांशिवाय राहता आलं. परिणाम काही वर्षांनी ओसरतो, तेव्हा पुन्हा करता येतं. रोज थेंब घालणं ज्यांना अवघड आहे, त्यांनी याबद्दल जरूर विचारावं.

यानेही भागलं नाही तर शस्त्रक्रिया. ट्रॅबेक्युलेक्टॉमीत डोळ्याच्या पांढऱ्या भागात, वरच्या पापणीखाली, पाण्याला नवी वाट करून देतात. काही डोळ्यांत बारीक नळी बसवतात. मदुराईत तयार होणाऱ्या अशा नळीमुळे आपल्या देशात तो खर्च बराच आवाक्यात आला आहे. आईच्या डाव्या डोळ्याची ट्रॅबेक्युलेक्टॉमी झाली. ऑपरेशनच्या आधी एकच गोष्ट घरात सगळ्यांना सांगितली: याने जास्त दिसणार नाही, आहे ते राहावं म्हणून करतोय. हे आधी नीट सांगितलं नाही तर नंतर म्हाताऱ्या माणसाचा फार हिरमोड होतो. पहिले काही आठवडे न्हाताना डोक्यावरून पाणी नाही, खाली वाकून काम नाही, डोळा चोळणं तर कधीच नाही. त्या डोळ्याला संसर्गाचा धोका आयुष्यभर राहतो. पाच वर्षांनीही डोळा लाल झाला, दुखला, चिकट झाला तर त्याच दिवशी दवाखाना.

थेंब घालायची रीत

सगळ्यात जास्त आजार इथे वाढतो, कारण थेंब घातल्याने काही बरं वाटत नाही आणि न घातल्याने काही दुखत नाही.

हात धुवा. मान मागे टाका किंवा सरळ आडवे व्हा. खालची पापणी बोटाने ओढून खिसा करा, वर बघा, बाटली डोळ्याला न टेकवता एकच थेंब सोडा. हात थरथरत असेल तर बाटली धरलेला हात कपाळावर टेकवा. थेंब पडला की डोळा अलगद मिटा, गच्च आवळू नका, आणि नाकाच्या कडेला डोळ्याचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून ठेवा. त्याने औषध डोळ्यातच राहतं, घशात आणि रक्तात कमी उतरतं. दुसरं औषध घालायचं असेल तर मधे पाच ते दहा मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन नेतो. डोळ्यात एकाच थेंबापुरती जागा असते, दोन घातले तर एक गालावरून वाहतो.

बाटली उघडली की त्यावर पेनाने तारीख लिहा आणि महिन्याने, औषध उरलं असलं तरी, टाकून द्या. काही बाटल्या उघडण्याआधी फ्रिजमध्ये ठेवाव्या लागतात, खोक्यावर लिहिलेलं असतं. गावाला जाताना एक जास्तीची बाटली बरोबर ठेवा. खर्चाची अडचण असेल तर जनऔषधी केंद्रात हेच औषध मूळ नावाने मिळतं का ते विचारा, पण बदलण्याआधी डॉक्टरांना बाटली दाखवा.

आमच्या घरी रात्रीचा थेंब सांजवातीला बांधला होता, पण पाहुणे आले की चुकायचा. मग तो दात घासण्याला जोडला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आई त्या दिवसाच्या चौकटीत एक टिंब काढते. महिना संपला की रिकाम्या चौकटी मोजते आणि तपासणीला गेली की तो आकडा खरा सांगते. हे फार महत्त्वाचं आहे. थेंब चुकले असताना "रोज घालते" असं सांगितलं तर डॉक्टर औषध कमी पडतंय असं समजून नवं वाढवतात, वेळप्रसंगी ऑपरेशन सुचवतात.

रोजच्या सवयी

चालणं, हलका व्यायाम चांगला. शीर्षासनात मात्र डोळ्यातला दाब जवळपास दुप्पट होतो. सर्वांगासन आणि डोकं बराच वेळ खाली राहील अशी आसनंही टाळा. योगाच्या शिक्षकांना आजाराचं सांगून ठेवा. सकाळी उठल्याबरोबर लिटरभर पाणी एका दमात पिण्याची सवय अनेकांना आहे. एकदम इतकं पाणी प्यायल्याने डोळ्यातला दाब काही काळ चढतो. तेच पाणी तासाभरात घोटाघोटाने प्या. सनई, तुतारी अशी जोर लावून फुंकायची वाद्यं वाजवणाऱ्यांनी डॉक्टरांना तसं सांगावं. रक्तदाबाची गोळी रात्री घेत असाल आणि पहाटे रक्तदाब फार खाली जात असेल तर नसेला रक्त कमी पडतं. गोळीची वेळ स्वतःहून बदलू नका, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवा. मध, गुलाबपाणी, काढे डोळ्यात घालून दाब उतरत नाही. त्यात वेळ जातो आणि ऑपरेशन झालेल्या डोळ्यात संसर्गाची भीती वाढते.

तपासणीला थेंब सुरू केल्यावर चार ते सहा आठवड्यांनी, मग दाब स्थिर झाला की तीन ते सहा महिन्यांनी जायचं. फील्ड टेस्ट पहिल्या दोन वर्षांत जास्त वेळा, नंतर वर्षातून एक-दोनदा.

ज्यांची नजर बरीच गेली आहे त्यांच्यासाठी घर थोडं बदलावं लागतं. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी चिकटपट्टी, मोरीत आणि पायरीवर चांगला दिवा, फडताळाची दारं बंद ठेवायची घरभर शिस्त. कडेची नजर कमी असेल तर तक्त्यावर सगळं वाचता येत असलं तरी गाडी चालवण्याबद्दल डॉक्टरांना सरळ विचारा. आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात नजरेची व्याप्तीही धरली आहे: चांगल्या डोळ्याची व्याप्ती ४० अंशांहून कमी असेल तर अल्पदृष्टी आणि १० अंशांहून कमी असेल तर अंधत्व. अक्षरं वाचता येतात म्हणून दाखला मिळणार नाही असं समजून अनेक जण अर्जच करत नाहीत.

आज आई ७४ वर्षांची आहे. डावा डोळा १२वर, उजवा १५वर, आणि गेल्या पाच वर्षांतल्या फील्ड टेस्ट एकमेकींवर ठेवल्या तर जुळतात. फडताळाच्या वरच्या दाराच्या जागी आम्ही सरकती फळी करून घेतली. तिचं निदान झालं त्या वर्षी मामाला आग्रहाने बोलावून तपासलं. प्रेशर १८, पण नस संशयास्पद निघाली, आता तो दरवर्षी जातो. माझी तपासणी झाली आहे. धाकट्या बहिणीची खरं तर चाळिशीची वाट न बघता आधीच व्हायला हवी होती, ती राहून गेली. तिचा चाळिसावा वाढदिवस जूनमध्ये आहे, त्याच आठवड्याची वेळ घेऊन ठेवली आहे.